औषधांचं सहस्रनाम

पेशंट शुद्धीवर आला की नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात आणि मला विचारतात, "सिस्टर, इथे चहा कुठे मिळेल?" मी भूलतज्ज्ञ आहे. माझं काम जितकं चोख, तितकं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून २००५च्या दिवाळीत इंग्लंडला गेलेल्या मैत्रिणीनं एक सीडी पाठवली आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं, "दोन डॉक्टरांची गाणी आहेत. एक आपल्यातला, भूलवाला," तेव्हा मला अगदी भरून आलं. आमच्या जमातीचा आवाज कधी कुणी रेकॉर्ड करेल असं वाटलं नव्हतं. आमचा आवाज म्हणजे "एक ते दहा आकडे मोजा" एवढाच. तोही पेशंट चारपर्यंतच ऐकतो.

सीडीवर गायकांची नावं होती अ‍ॅडम के आणि सुमन विश्वास. सासूबाईंनी चष्मा लावून दुसरं नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. सुमन कल्याणपूर म्हणजे त्यांचं दैवत. "बंगाली दिसतेय. भावगीतं म्हणत असेल. लाव," त्या म्हणाल्या. मी लावली. पियानोवर एक मोकळाढाकळा पुरुषी आवाज सुरू झाला. सासूबाईंनी जरा वेळ ऐकलं आणि हळहळल्या, "घसा बसलाय गं बिचारीचा." बंगालीत सुमन हे पुरुषाचंही नाव असतं, हे मी त्यांना आजतागायत पटवू शकलेले नाही. आमच्या घरात ते गृहस्थ सुमनताईच आहेत.

या जोडीनं आपल्या चमूचं नाव ठेवलं होतं 'अ‍ॅमेचर ट्रान्सप्लांट्स', म्हणजे हौशी अवयवरोपणवाले. २००४ सालच्या या अल्बमचं नाव 'फिटनेस टू प्रॅक्टिस'. तिकडे जनरल मेडिकल कौन्सिल एखाद्या डॉक्टरची चौकशी लावते, याला डॉक्टर म्हणून राहू द्यावं की नाही ते ठरवते, त्या प्रकरणाला हेच शब्द वापरतात. आपल्याकडे एखाद्या तलाठ्यानं गाण्यांची सीडी काढून तिला 'खातेनिहाय चौकशी' नाव द्यावं, तसलं हे धाडस.

गाणी सगळी विडंबनं. लंडनच्या भुयारी रेल्वेवरचं त्यांचं गाणं तर इंटरनेटवर तुफान गाजलेलं. ते सुरू झालं आणि पहिल्याच अस्सल शिवीला आमच्या ह्यांनी रिमोटसाठी अशी झेप घेतली की फराळाचं ताट उलटलं. "काय म्हणत होती रे?" सासूबाईंनी विचारलं. "स्टेशनांची नावं आहेत, आई," हे चकल्या गोळा करत म्हणाले.

आणखी एका गाण्यात 'मेरी पॉपिन्स' सिनेमातल्या त्या लांबलचक निरर्थक शब्दाच्या जागी या दोघांनी पॅरासिटामॉलपासून निओमायसिनपर्यंतची औषधं एकापुढे एक जोडून एकच शब्द केला आहे. माझे वडील संस्कृतचे शिक्षक. त्यांनी तो शब्द कागदावर लिहून घेतला, विग्रह केला आणि द्वंद्व समास म्हणून पास केला. "डॉक्टरांचा वाटत नाही" असा शेराही मारला.

पण घरात खरा मान मिळाला तो औषधांच्या दुसऱ्या गाण्याला. त्याच्या चालीचीही एक वंशावळ आहे. मूळ चाल आर्थर सलिव्हन यांची, १८७९च्या 'पायरेट्स ऑफ पेन्झान्स' या संगीतिकेतली. तिच्यावर टॉम लेहरर या अमेरिकेतल्या गणिताच्या मास्तरांनी १९५९च्या सुमारास मूलद्रव्यांची यादी बसवली. आता या दोघांनी मूलद्रव्यं काढून औषधं भरली. पैठणी विटली की तिचा परकर आणि परकर फाटला की गोधडी, हा आपला खाक्या साहेबाच्या देशातही चालतो तर! गाण्यात काय, नुसती नावं. एका दमात, धाडधाड. सासूबाईंनी आपोआप हात जोडले. "सहस्रनाम आहे का गं?"

मी खोटं कशाला बोलू? म्हटलं, "हो."

तेव्हापासून ती सीडी देवघराशेजारच्या फडताळात गेली. सकाळी विष्णूचं सहस्रनाम, संध्याकाळी सुमनताईंचं. मलाही ते ऐकून ऐकून पाठ झालं. एमबीबीएसला फार्माकॉलॉजीची अशी सीडी असती, तर माझी एक ऑक्टोबर वारी वाचली असती.

या जोडीतले अ‍ॅडम के पुढे बाळंतपणं करत होते. एका सिझेरियनमध्ये बाळ गेलं, आई मरणाच्या दारातून परतली, आणि २०१०मध्ये त्यांनी डॉक्टरकी सोडली. २०१७मध्ये त्यांच्या डायऱ्यांचं पुस्तक आलं. ते पोट धरून हसवतं आणि शेवटच्या पानांवर गप्प करतं. ते वाचून मी सीडी पुन्हा ऐकली. विनोद तेच होते, पण आता त्यांना रात्रपाळीचा वास येत होता. तो वास मला ओळखीचा आहे. पहाटे तीनला, एखादी केस हातातून जाता जाता राहिलेली असताना, गार झालेला चहा पीत कुणी अगदी फुटकळ कोटी केली तरी आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो. त्यातलं किती पाणी हसण्याचं, ते कुणी कुणाला विचारत नाही. या हसण्याला अट एकच, पेशंट झोपलेला पाहिजे.

मागच्या वर्षी सासूबाईंचा गुडघा बदलला. कमरेत इंजेक्शन देऊन भूल द्यायची, म्हणजे पेशंट टक्क जागा. घरच्या माणसाला आपण भूल देऊ नये म्हणून मी ते काम सहकाऱ्यावर सोपवलं आणि त्यांच्या उशाशी बसले. पडद्यापलीकडे हातोडीचा पहिला ठोका पडला तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला. "सुमनताईंचं ते म्हण," त्या पुटपुटल्या.

माझी थिएटरमधली इतक्या वर्षांची अब्रू डोळ्यांसमोर तरळून गेली. पण हात सुटेना. मी हळू आवाजात सुरू केलं. नाव, नाव, नाव, नाव. मॉनिटरवर त्यांची नाडी एकशे दहावरून नव्वदवर आली. मध्येच मी एक औषध विसरले आणि अडखळले. ते राहिलेलं औषध पडद्यापलीकडून ऐकू आलं. आमचे ऑर्थोपेडिक सर्जन चार वर्षं इंग्लंडमध्ये होते. पुढची यादी त्यांनी हातोडीच्या ठेक्यावर एका दमात संपवली. सिस्टर, वॉर्डबॉय, सगळे थिजून बघत राहिले.

रात्री वॉर्डात सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. "या डॉक्टरांची फी जास्त आहे म्हणून कुरकुर करू नका हं," त्या म्हणाल्या. "माणूस देवभक्त आहे. सबंध सहस्रनाम पाठ आहे त्याला. तू मात्र मध्येच चुकलीस."