पुण्याच्या पाहुण्याला शास्त्रोक्त झोपवण्याची पद्धत

विस्ताराने राज्यात पहिला असलेल्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात १४ तालुके आहेत, आणि अंथरुणाचा एकच नियम चौदाही तालुक्यांना लावता येत नाही. अकोल्याकडे, १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या पायथ्याला, ज्या पांघरुणांखाली डिसेंबरात माणूस जेमतेम तग धरतो, त्याच पांघरुणांखाली शेवगावला एप्रिलात तो वाफेवर शिजेल. म्हणून प्रस्तुत मार्गदर्शन राहुरी तालुक्यापुरते, मुळा धरणाच्या उजव्या कालव्याकडेच्या घरांपुरते, थंडीच्या दिवसांपुरते आणि मुख्यतः पुण्याहून येणाऱ्या एका विशिष्ट पाहुण्यापुरते मर्यादित आहे. पाहुण्याचे नाव देत नाही. नात्याने ते माझे धाकटे दीर लागतात, एवढे पुरे.

अंथरूण खालून वर घालावे. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. पाहुणा थंडी वाजली की वर बघतो. "वहिनी, अजून एखादं पांघरूण आहे का हो?" एक दिले की दुसरे मागतो, तिसऱ्याखाली त्याला श्वास घेता येत नाही, आणि तरीही पाठ गारच. याचे कारण शहाबादी फरशी. नगरचा पारा दहाच्या खाली गेला की ही फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. ऊब म्हणजे शेवटी थरांत कोंडलेली हवा. पाठीखालचा थर वजनाने दबतो, हवा निघून जाते आणि फरशी थेट पाठीशी बोलू लागते. तेव्हा अंगावर एक वाढवण्याआधी अंगाखाली दोन घालावीत. सगळ्यात खाली चटई, प्लास्टिकची चालेल. तिने ओल अडते. त्यावर सतरंजी. त्यावर घोंगडी.

घोंगडीपाशी जरा थांबू.

घोंगडी खाली घालायची, कारण लोकर दबली तरी पुन्हा उभी राहते. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर काही मऊ नव्हे. ती भरड, राठ आणि काळी. सूत कातून खड्ड्याच्या मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देतात. त्यामुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि तिला वास येतो. हा वास जावा म्हणून पाहुण्याने तिच्यावर अत्तर शिंपडू नये. (शिंपडले होते. मेंढी लग्नाला निघाल्यासारखी खोली झाली होती.) ती उन्हात टाकावी, झटकावी, घडीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवावी, आणि शक्यतो धुऊ नये, गरम पाण्यात तर कधीच नाही, आटून तिचे बसकर होते. अंगाला थेट लावू नये, टोचते. रात्रीची वीज आल्यावर गव्हाला दारं धरायला जाणारा माणूस मात्र ती डोक्यावरून घेतो, कारण दव तिच्यावर थेंब होऊन बसते, आत शिरत नाही. त्याला टोचण्याची तक्रार करायला वेळ नसतो.

जामखेड तालुक्यातल्या चोंडी गावी, १७२५ साली, धनगराच्या घरात जन्मलेल्या अहिल्यादेवींचे नाव जिल्ह्याला २०२४ मध्ये लागले. त्या निमित्ताने घरटी एक घोंगडी घ्यावी, असे माझे मत होते. लोकांनी पाट्या बदलल्या.

घोंगडीवर गादी. गादी कापसाची असावी, आणि कापूस पिंजलेला असावा. शेवगाव-पाथर्डीकडे कापूस मुबलक, पण गादीत तो दोन-तीन वर्षांत गोळा होतो आणि झोपणाऱ्याला रात्रभर कुणाच्या तरी गुडघ्यावर झोपल्यासारखे वाटते. पूर्वी पिंजारी धनुकली घेऊन दारात यायचा, आता गादी टेम्पोत घालून मशिनवर न्यावी लागते. उशी सावरीच्या कापसाची. ती हलकी राहते. उशीला कडक खोळ घालू नये. उशीबद्दल एवढेच.

आता गोधडी. पाहुणा येतो तो हिच्यासाठी.

आमचे भाऊजी दर दिवाळीला व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस ठेवतात. त्यात गोधडीचा फोटो असतो आणि खाली आईच्या मायेच्या उबेबद्दल दोन ओळी. गोधडीचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक आठवण, असे त्यांचे म्हणणे. एकदा एका निळ्या तुकड्यावर बोट ठेवून त्यांचा कंठ दाटून आला. "वहिनी, ही माझी सातवीतली चड्डी." मी काही बोलले नाही. तो तुकडा राहुरीच्या शिंप्याकडून मी किलोवर आणलेल्या चिंध्यांतला. चड्डी पोतेऱ्याला गेली त्याला किती वर्षे झाली, ते आत्याबाईंना विचारावे.

आणि आत्याबाईंना विचारावेच. ज्या माउलीच्या गोधडीच्या उबेवर स्टेटस पडतात, ती माउली स्वतः लोखंडी पलंगावर फोमच्या गादीवर झोपते. गादी तिने हट्टाने मागून घेतली आणि अंगावर दुकानातले गुबगुबीत मिंक ब्लँकेट घेते. भाऊजींनी तक्रारीच्या सुरात विचारले, "आई, तू पण?" त्या म्हणाल्या, "जन्मभर गोधडीच पांघरली बाबा. आता हाडांना मऊ लागतं. तुला उबेची हौस असंल तर ती बघ तिथं घडी करून ठेवलीय."

गोधडी शिवायचे शास्त्र असे. वरचा आणि खालचा पदर जुन्या सुती लुगड्याचा. धुऊन धुऊन विटलेला जितका जुना, तितका अंगाला गोड. आत धोतर, बनियन, फाटकी चादर, जे असेल ते, पण सपाट पसरून. थर फार झाले तर सुई आत जात नाही आणि शिवणारीचा अंगठा कामातून जातो. टाका कडेपासून आत, चौकोनात चौकोन घालत मध्यावर आणायचा, म्हणजे कापड एकीकडे सरकत नाही. टाका लांब पडला तर आतली पटकुरं एका कोपऱ्यात गोळा होतात. फार जवळ पडला तर गोधडी पापडासारखी कडक. सिंथेटिक साड्यांची गोधडी करू नये. ती दिसायला झकपक, पण अंगावरून सुळकन घसरते, घाम शोषत नाही आणि मध्यरात्री पाहुणा उघडा पडतो. आणि हल्ली घरात सुती लुगडे नेसणारेच कोणी उरले नाही, तर गोधडी करायची कशाची, हे त्या स्टेटसमध्ये कुठेच लिहिलेले नसते.

अंगाला आधी सोलापुरी चादर, तिच्यावर गोधडी. चादर धुता येते. गोधडी धुता येते असे म्हणायची पद्धत आहे.

अंथरुणाची जाहिरात करू नये, याला आपल्याच जिल्ह्यात दाखला आहे. शिर्डीला साईबाबांना जमिनीवर निजावे लागू नये म्हणून नानासाहेब डेंगळ्यांनी एक फळी आणून दिली; चार हात लांब आणि जेमतेम वीतभर रुंद. बाबांनी ती चिंध्यांनी मशिदीच्या आढ्याला टांगली आणि वर निजू लागले. दाभोलकरांच्या साईसच्चरितात ही हकिगत आहे. त्या चिंध्या भार कसा पेलतात आणि बाबा वर चढतात कसे, हे बघायला लोक जमू लागले. तेव्हा बाबांनी फळीच मोडून टाकली. बघे जमले की झोप मोडते, हे त्यांना तेव्हाच कळले होते. आमच्या भाऊजींच्या स्टेटसला पहाटे पाचपर्यंत हृदये येत असतात आणि दर हृदयाला मोबाईल टुंग वाजतो. शेजारच्या खोलीत आम्ही झोपलेलो असतो.

लग्नाच्या कार्यालयातल्या गाद्यांना ऊन कधी दाखवले, हे विचारू नये.

उन्हाळ्याचा विचार इथे केलेला नाही, तरी पाहुणा मे महिन्यात आला तर गच्चीचा हट्ट धरणारच. स्लॅब दिवसभराचे ऊन मध्यरात्रीपर्यंत परत करत राहतो. म्हणून दिवेलागणीला पाणी मारावे, ते पुरते वाळू द्यावे, आणि गादी न नेता चटई आणि चादर न्यावी. पायथ्याशी एक वाकळ घडी करून ठेवावी. पहाटे तीनला तिची गरज लागते. अंगणात झोपण्याचा हट्ट मात्र चालू देऊ नये. आमच्या बाजूला ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. यात विनोद काही नाही. पूर्वी ओट्यावर, अंगणात ओळीने अंथरुणे पडायची. आता तिन्हीसांजेला पोरांना आत ओढावे लागते.

आता धुणे. इथे पाहुण्याचा संबंध संपतो, कारण तोवर तो पुण्याला पोचलेला असतो.

घटस्थापनेच्या आधी घरातली झाडून सगळी अंथरुणे निघतात. मुळा धरणाची साठवण २६ टीएमसी आहे, पण गोधडी धुवायला त्यातले पाणी मिळेल की नाही, हे आवर्तनावर ठरते. पाट वाहत असेल तर पाटावर, नाहीतर विहिरीची मोटार चालू करून हौदावर. आणि मोटार चालायची तर वीज दिवसाची की रात्रीची हे आधी बघावे लागते. गोधडी सोड्यात भिजत घालावी. अर्ध्या तासाने पाणी चहाच्या रंगाचे होते. घाबरू नये, तो पाहुणाच आहे. मग पायांनी तुडवावी, धोपाटण्याने बडवावी. ओली गोधडी एकटीने उचलू नये. दोघींनी दोन टोके धरून उलट्या दिशांना पिळावी. पिळताना एकीचा हात सुटला की दुसरी पाटात जाते. वाळवायला कंपाउंडची भिंत उत्तम, तारेवर टाकली तर तार लोंबते. दुपारी उलटावी. संध्याकाळी वरून कोरडी लागते, पण फसू नये: दोन टाक्यांच्या मध्ये बोट दाबून बघावे, गार लागले तर आत अजून पाणी आहे. तशीच घडी केली तर दिवाळीपर्यंत असा कुबट वास धरते, की त्यात आईच्या मायेचा गंध आहे असे पाहुणा स्टेटसवर लिहू शकतो.

राहता राहिला निरोप. दिवाळी झाली की भाऊजी म्हणतात, "वहिनी, एखादी गोधडी पुण्याला नेऊ का? मुलांनाही कळू दे." नाही म्हणू नये, शेवटी लाडका दीर आहे, आणि घरी आला की नऊ वाजेपर्यंत घोरत पडतो तेव्हा घर भरल्यासारखे वाटते. डिकीत गोधडी घालून द्यावी. त्यातही निवड करावी: न धुतलेली द्यावी. त्यांच्या फ्लॅटमध्ये ७ किलोचे मशिन आहे. चार-सहा महिन्यांनी फोन येईल की गोधडी आत फिरत नाही आणि मशिन जागेवरून चालायला लागले आहे. तेव्हा शांतपणे सांगावे, उन्हाळी आवर्तन सुटले की कळवते, दोन दिवस रजा काढून या. धोपाटणे आणू नका, आमच्याकडे दोन आहेत.