मेसेज किती गेले आणि ताटं किती लागली

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष व प्रमुख मार्गदर्शक,
समस्त सप्ताह, जयंती व सामुदायिक विवाह समित्या,
मुक्काम हुलसूर व पंचक्रोशी, जिल्हा बिदर.

विषय : मेसेज पाठवण्याचे सॉफ्टवेअर घ्यावे की कार्यक्रम सांभाळण्याचे, याबाबत.

मेसेजिंग सॉफ्टवेअर माणसांना बोलावते. आलेल्या माणसांचे काय करायचे ते इव्हेंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर पाहते. पहिल्यात मोबाइल नंबर, मजकूर आणि पाठवण्याची वेळ असते. दुसऱ्यात नोंदणी, येणाऱ्यांचा आकडा, कार्यकर्त्यांना वाटून दिलेली कामे, मंडपवाला, आचारी आणि साउंडवाला यांची देणी-घेणी, शिवाय दारावर स्कॅन करायचा क्यूआर कोड. समित्यांचा ओढा पहिल्याकडे असतो आणि त्यामागे तांत्रिक कारण नाही. मेसेजवर अध्यक्षांचा फोटो बसतो. पंगतीच्या हिशेबात फोटोसाठी अजून कुणी जागा ठेवलेली नाही.

मेसेजमध्ये साधा एसएमएस आधी. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे मावतात; देवनागरी किंवा कन्नड लिपी आली की 70. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांची जागा वेगळी मोजली जाते, म्हणजे ‘प्र’ हे एक अक्षर तीन जागा खाते. ‘सालाबादप्रमाणे यंदाही अखंड हरिनाम सप्ताहाचे आयोजन करण्यात आले आहे’ एवढे लिहीपर्यंत 65 जागा संपतात. उरलेल्या पाचांत तारीख, स्थळ, कीर्तनकारांचे नाव आणि सर्व पदाधिकारी बसवायचे असतात. मजकूर वाढला की दुसरा एसएमएस जोडला जातो, त्याचे पैसे वेगळे. जोडणीच्या खुणेसाठी प्रत्येक तुकड्यातल्या तीन जागा जातात, हाती राहतात 67. एका अध्यक्षाच्या नावामागची विशेषणे गाळली तरी गावाचा बराच पैसा वाचेल, पण हा ठराव मांडणार कोण?

शिवाय दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे 2018 चे नियम आहेत. व्यावसायिक पातळीवर घाऊक एसएमएस पाठवणाऱ्याला दूरसंचार कंपनीकडे कागदपत्रांसह नोंदणी करावी लागते, पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर साच्याशी न जुळणारा मजकूर वाटेतच अडतो. आयत्या वेळी कीर्तनकार बदलले आणि साच्यात नावासाठी मोकळी जागा सोडलेली नसली, तर समितीला बदल कळवण्यासाठी पुन्हा मंजुरीच्या रांगेत उभे राहावे लागते.

व्हॉट्सअॅप त्यामानाने उदार. साध्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण घेता येतात. मात्र ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. उपाध्यक्षांनी पाठवलेले आमंत्रण निम्म्या गावाला का मिळत नाही, याचे उत्तर इथे आहे आणि ते राजकीय नाही. त्याहून मोठ्या प्रमाणावर पाठवायचे तर मेटा कंपनीची पैसे देऊन वापरायची सेवा घ्यावी लागते. तिथेही साचा मंजूर करून घेणे आलेच.

आता दुसरे सॉफ्टवेअर. ते शहरातल्या परिषदांसाठी घडलेले असते. एक नाव, एक तिकीट, एक खुर्ची, हे त्याचे गणित. या भागातले आवतन वेगळ्या हिशेबाने चालते. एका माणसाचे आवतन असते आणि चूलबंद आवतनही असते. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे जेवायला. मोबाइल नंबर एक, ताटे चार की चौदा, हे त्या घराला ओळखणाराच सांगू शकतो. म्हणून सॉफ्टवेअरवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारावा : एका नंबराखाली घरातली माणसे आणि आवतनाचा प्रकार लिहिता येतो का? तो ‘सर, प्रीमियम प्लॅनमध्ये येतं’ म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

दुसरा प्रश्न सीमेचा. 1956 साली जुना बिदर जिल्हा वाटला गेला. निलंगा, उदगीर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि हा भाग म्हैसूर राज्यात आला. सोयरिकी मात्र वाटल्या गेल्या नाहीत. हुलसूर बसवकल्याणातून निघून वेगळा तालुका झाला, तरी लग्नाची यादी अजून लातूरपर्यंत जाते आणि कामधंद्याला गेलेल्यांमागे पुणे, हैदराबादही गाठते. तेव्हा यादीत भाषेचा रकाना हवा : कुणाला मराठी पत्रिका, कुणाला कन्नड. तो नसला की भालकीच्या पाहुण्याला न वाचता येणारी पत्रिका जाते आणि तो मानपानाचा विषय होतो.

निवड कार्यक्रमागणिक बदलते. सप्ताहाला येणारा माणूस नाव नोंदवून येत नाही, त्याने तसे यावेही कुणाला वाटत नाही. गर्दी उसळते ती काल्याच्या कीर्तनाला आणि महाप्रसादाला, आणि ती किती हे जुना आचारी मंडपाकडे एकदा पाहून सांगतो. तिथे फार तर एक मेसेज आणि कामवाटपाची एक वही पुरते. जयंतीच्या मिरवणुकीला मेसेजचीही तितकी गरज नसते, गरज असते ती वेळेत घेतलेल्या पोलीस परवानगीची. सामुदायिक विवाह सोहळ्याची गोष्ट निराळी. वधू 18 आणि वर 21 पूर्ण असल्याचे दाखले, प्रत्येक जोडप्यामागची वऱ्हाडी मंडळी, पोशाख-भांड्यांचे वाटप, हे सगळे कुठेतरी एका ठिकाणी नोंदलेले हवे. तिथे कार्यक्रम सांभाळणारे सॉफ्टवेअरच घ्यावे, आणि त्यात मेसेज पाठवण्याची सोय असली तर दुसरे घेऊच नये. आरोग्य शिबिरालाही हेच लागू.

राहिली यादी. सॉफ्टवेअर कुठलेही असो, नंबरांची यादी बहुधा झेरॉक्सवाल्या पोराच्या संगणकात असते आणि सप्ताहाच्या आवतनासाठी दिलेला नंबर निवडणुकीत भावी उमेदवाराच्या शुभेच्छांना कामी येतो. वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा 2023 साली झाला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामापुरती ती वापरावी, हे त्याचे मूळ सूत्र. खाते समितीच्या नावे उघडावे, पासवर्ड दोघांकडे असावा आणि अध्यक्ष बदलले की तो बदलावा. पायउतार होणाऱ्या अध्यक्षांना हवा असल्यास फोटो परत द्यावा.

कळावे,
चूलबंद आवतनाची वाट पाहणारे एक घर