माणशी एक डॉलर

सिएटल बंदर प्राधिकरणाचा हात फार सढळ. १९११ साली मतदारांनीच मत देऊन जन्माला घातलेली ही संस्था किंग काउंटीतल्या घरमालकांकडून रीतसर मालमत्ता कर घेते आणि मग आसपासच्या शहरांना आर्थिक विकासासाठी अनुदान देते. दर माणशी एक डॉलर. अट एवढीच, की शहराने त्यात निम्मी भर घालावी. म्हणजे अर्थातच त्याच घरमालकांनी. आपलाच डॉलर अवघ्या पन्नास सेंटांत सोडवून मिळतो! इतका सवलतीचा व्यवहार आमच्याकडच्या सावकारांना कधी सुचला नाही.

अनुदान डोईमागे असल्याने प्रसूतिगृहांना विकास कार्यालयाचा दर्जा तातडीने द्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. जुळी झाली, की दोन डॉलर.

या पैशातून ‘गावच्याच दुकानात खरेदी करा’ अशा मोहिमाही निघतात. धक्क्यावर परदेशी मालाचे कंटेनर उतरवणाऱ्यांनी याचा पुरस्कार करावा, हा त्याग अलौकिकच. फलक छापताना मात्र काटकसर पाहावी. शांघायचा दर बरा पडतो, आणि उतरवून घ्यायला बंदर घरचेच आहे.