नाक, कान आणि सेकंडहँड

जुनी गाडी विकणारा माणूस चावी हातात देण्याआधी गाणी लावतो. आमच्याही विक्रेत्याने लावली, आणि चांगली मोठ्याने लावली. वर आरशाला मोगऱ्याच्या सेंटची बाटली टांगलेली. गाणी कानासाठी, मोगरा नाकासाठी. जुन्या गाडीची तपासणी नेमकी याच दोन अवयवांनी होते, हे त्या गृहस्थाला पक्कं ठाऊक होतं.

गाडी दारात आली, मोगरा उतरवला आणि पहिलं बोललं ते हिचं नाक. ‘एसी लावला की कुबट वास येतोय.’ एसीच्या कूलिंग कॉइलवर पाणी साचतं, गाडी तशीच बंद केली की ते तिथेच मुरतं आणि बुरशी धरते. उतारा फुकटचा आहे. घर येण्याआधी चार-पाच मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवायचा. तेव्हापासून सिंहगड रोडवरचे शेवटचे दोन सिग्नल आम्ही घामाघूम होऊन पार करतो, पण बुरशीविरुद्ध.

मग डावीकडचं कार्पेट ओलं सापडलं. गॅरेजवाला म्हणाला, वास घ्या. गोडसर आला तर कूलंट, म्हणजे हीटर कॉइल गळतेय, अख्खा डॅशबोर्ड उचकटायचा. नुसतं पाणी असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबलीय, हवा मारली की झालं. दोन्ही बिलांत निदान एका शून्याचा फरक. हिने खाली वाकून नाक लावलं. आम्ही श्वास रोखून उभे. ‘पाणीच आहे,’ असा निकाल लागला तेव्हा गॅरेजवाल्याचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला.

आवाजांचं खातं सासऱ्यांकडे. अण्णा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटतात, तेव्हा पार्किंगमधली पोरंसुद्धा गप्प होतात. त्यांच्यापुढे ‘कसला तरी आवाज येतोय’ चालत नाही. ‘कसला, जावईबापू? कटकट की खडखड? वळताना की सरळ?’ स्टिअरिंग पूर्ण तोडून वळताना कटकट आली तर एक्सलचा जॉइंट. खड्ड्यात खडखड आली तर लिंक रॉड; त्याच्या चाचणीसाठी पुण्यात लांब जावं लागत नाही. वेगाबरोबर चढणारी आणि न्यूट्रल केली तरी न थांबणारी घूंऽऽ म्हणजे चाकाचं बेअरिंग. सकाळी चावी फिरवताच कुंईऽऽ झालं की बेल्ट. पुढच्या चाकातून बारीक किंकाळी आली तर ब्रेक पॅड. पॅडला एक पोलादी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजलं की ती डिस्कला घासते आणि ओरडते. ओरडण्याच्या नोकरीवर रीतसर नेमलेली तेवढी एकच. बाकीचे सगळे हौशी.

खंबाटकी चढताना एकदा सडक्या अंड्यांचा वास आला. मागच्या सीटवर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. अण्णा म्हणाले, ‘पूर्वी मी पेट्रोलमधल्या गंधकाला धरलं असतं. २०२० ला बीएस-६ आलं, गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. बॅटरी बघा.’ खरोखरच अल्टरनेटर गरजेपेक्षा जास्त चार्जिंग देत होता आणि बॅटरी आत उकळत होती. मागच्या सीटची अब्रू वाचली.

मागच्या दारातल्या किणकिणीने मात्र सगळ्यांनाच हात टेकायला लावले. शेवटी दाराचं पॅड काढलं, तर तळाशी काचेच्या बांगड्यांचे तुकडे. हिरवे, बरेच. त्यावरून आधीच्या मालकाच्या संसाराचं हिने जे निदान केलं, ते इथे लिहीत नाही.

आता सोसायटीत आमचं नाव झालंय. वरच्या मजल्यावरच्या काकांनी परवा नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी आणली आणि पेढे देऊन आम्हा तिघांना फेरीला बसवलं. अण्णांनी डोळे मिटले. हिने दोनदा खोल श्वास घेतला. मी क्लच शोधत होतो. ना आवाज, ना वास. कोपऱ्यावर अण्णांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘वॉरंटी आहे ना? मग एकदा दाखवून घ्या.’