खारीस कळविण्यात येते की…

प्रति,
करडी खार,
ओकच्या झाडावरील ढोली, मागील अंगण, सिरॅक्यूज, न्यूयॉर्क राज्य.

विषय : बर्फाच्या दिवशी पक्ष्यांचे दाणे परस्पर उचलल्याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, ऑन्टॅरिओ सरोवराच्या तुलनेने उबदार पाण्यावरून थंड वारे वाहताना बाष्प उचलतात आणि ते बर्फाच्या रूपाने सिरॅक्यूज परिसरावर रिते करतात. एका हिवाळ्यात येथे सरासरी सुमारे 3 मीटर बर्फ पडतो. अशा दिवशी शाळा बंद राहतात, गाड्या गाडल्या जातात आणि माणसे खिडकीशी बसतात. अंगणातील खांबावर टांगलेला फीडर व त्यातील सूर्यफुलाच्या बिया पक्ष्यांसाठी आहेत. लाभार्थी कोण, याबाबत खारीचा गैरसमज झालेला दिसतो.

प्रमुख लाभार्थी काळ्या टोपीची चिकाडी. वजन जेमतेम 11 ग्रॅम. कडाक्याच्या रात्री ती शरीराचे तापमान सुमारे 10 अंशांनी उतरवते आणि दिवसभरात साठवलेली चरबी जाळून सकाळ गाठते. एका वेळी एकच बी उचलून ती सालीच्या फटीत लपवते, आणि असे शेकडो साठे लक्षात ठेवते. विस्कॉन्सिनमध्ये झालेल्या अभ्यासात या पक्ष्याच्या रोजच्या गरजेचा साधारण पाचवा हिस्साच फीडरमधून भागत असल्याचे आढळले. थंडी अतितीव्र झाली तरच दाण्यांचा जगण्याला ठळक हातभार लागतो. म्हणजे चिकाडीने मदतीसाठी अर्ज केलेला नाही. तिच्या वतीने तो खिडकीतल्या माणसांनी भरला आहे. जुन्को पक्षी खाली सांडलेले वेचतात, कार्डिनल पक्षी पहाटे आणि तिन्हीसांजेला येतात. ब्लू जे शिकारी पक्ष्याची हुबेहूब हाक काढतो. बाकीचे पांगले तर त्याचीच सोय होते.

आता खारीचा पूर्वेतिहास. 1876 साली तिच्या काही भाईबंदांना इंग्लंडात, चेशायर परगण्यात, शोभेसाठी सोडण्यात आले. त्यानंतर तेथील बऱ्याच भागांतून मूळच्या तांबड्या खारी हटल्या. मायभूमीतील नोंदही निष्कलंक नाही. कोणी पाहत असल्यास ती दाणा पुरल्याचे नाटक करून रिकामाच खड्डा बुजवते. पांढऱ्या ओकची फळे पुरण्याआधी त्यांचा अंकुर कुरतडते, म्हणजे ती साठ्यात रुजत नाहीत. पुरलेला माल बर्फाखालूनही वासावर काढते. मागचे पाय घोट्यातून उलटे फिरवून खांबावरून डोके खाली करून उतरते. इतकी विद्या अंगी असताना फुकटच्या बियांवर डोळा का, याचा उलगडा होत नाही.

प्रशासनाने योजलेले उपाय असे. खांबाला पत्र्याची घुमटाकार टोपी बसवली. परंतु खार सुमारे अडीच मीटर लांब उडी मारत असल्याने शेजारचे कुंपण तिच्या कामी आले. वजन पडताच फीडर बंद करणारी दांडी लावली. सुमारे अर्ध्या किलोच्या खारीने उलटे लटकून वजन दांडीवर पडूच दिले नाही. तिसरा उपाय लाल तिखटाचा. पक्ष्यांना मिरचीतील कॅप्सायसिनची आग जाणवत नाही, सस्तन प्राण्यांना जाणवते. मराठी घरांत हा जिन्नस मुबलक असतो. वारा फिरल्यास तो भरणाऱ्याच्याच डोळ्यांत जातो, एवढाच दोष.

वर्तनाचा आदर्श शेजारीच आहे. चिपमंक बिळात मुटकुळे करून पडतो, अधूनमधून उठून स्वतःच्याच कोठारातले खातो. व्होल जातीचे उंदीर बर्फाच्या थराखाली, जेथे बाहेर कितीही गारठा असला तरी तापमान शून्याच्या आसपास टिकते, तेथे बोगदे करून निमूट राहतात. खार मात्र शीतनिद्रा घेत नाही. फार मोठे वादळ आले तरच घरट्यात दडते, आणि ते ओसरताच फीडरवर हजर होते.

तरी खारीने लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. तोवर दाणे नेहमीप्रमाणे भरले जातील.

प्रत माहितीस्तव : चिपमंक, जाग आल्यावर.