कार्डाचा चिटबॉय

इंदापूर तालुक्यात ऊस नुसता उभा असून भागत नाही, त्याची नोंद लागते. कारखान्याचा चिटबॉय बांधावर येतो, गट नंबर लिहितो, लागणीची तारीख लिहितो, आणि तेव्हा कुठे तो ऊस ‘आहे’ असं ठरतं. नोंद नसलेला ऊस कितीही जोमदार असो, तोडणीच्या यादीत त्याचं नाव नाही. तुरा येईपर्यंत उभा राहा, बाबा! भिगवणजवळच्या एका निवृत्त गुरुजींना ही व्यवस्था तोंडपाठ होती. तीच व्यवस्था आपल्या लॅपटॉपच्या पोटातही चालते, हे त्यांना गेल्या दिवाळीत कळलं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली. गुरुजींचा लॅपटॉप विंडोज ११ च्या पात्रता निकषांत बसेना. आता गंमत पाहा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याच कंपनीचे प्रमुख सत्या नडेला यांनी बारामतीच्या उसाचं साऱ्या जगापुढे कौतुक केलं होतं. अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी मिळून उसाच्या फडात कृत्रिम बुद्धिमत्ता उतरवली. वरून उपग्रह बघतो, जमिनीत सेन्सर बसतो, आणि पाणी कधी द्यायचं ते शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतं. थोडक्यात, ऊस ऑनलाइन झाला आणि गुरुजी ऑफलाइन.

अशा वेळी बारामतीत इंजिनीअरिंगला असलेला भाचा धावून आला. त्याच्याकडे लिनक्सचा पेनड्राइव्ह होता. वसतिगृहात वारसाहक्काने मिळालेला, २०१८ चा. “मामा, फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही आणि अर्ध्या तासात बसतं.” यातली पहिली दोन विधानं बरीचशी खरी होती.

बसलंही छान. मराठी अक्षरं दिसली, आवाज आला, कोपऱ्यात घड्याळ आलं. घड्याळाशेजारी वायफायचा पंखा मात्र नव्हता. भाच्याने काळ्या खिडकीत ‘एलएसपीसीआय’ असा मंत्र टाकला आणि यंत्रातल्या भागांची हजेरी घेतली. रिअलटेकचं कार्ड हजर होतं. “मामा, कार्ड दिसतंय, पण बोलत नाही.” “मग सासरी आलंय म्हण की,” गुरुजी म्हणाले.

खरा प्रकार नोंदीचाच होता. प्रत्येक कार्डावर दोन क्रमांक कोरलेले असतात: एक कंपनीचा, एक मॉडेलचा. रिअलटेकचा कंपनी क्रमांक १०ईसी. इंटेलने तर स्वतःसाठी ८०८६ हा क्रमांक घेतला आहे, म्हणजे १९७८ मधल्या आपल्याच गाजलेल्या प्रोसेसरचं नाव. हौसेने गाडीला पसंतीचा नंबर घ्यावा तसा. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो हे क्रमांक आपल्या यादीशी ताडून पाहतो. यादीत जुळणी झाली तर तो त्या कार्डाला चालवणारा ड्रायव्हर बोलावतो. गुरुजींच्या कार्डाचा, ८८२१सीईचा, ड्रायव्हर कर्नलमध्ये आला २०२० मध्ये. पेनड्राइव्ह २०१८ चा. चिटबॉय यायच्या आधीच गाळप हंगाम उरकलेला!

उपाय सोपा: नवा कर्नल उतरवून घ्या. तो कुठून? इंटरनेटवरून. इंटरनेट कशाने? कार्डाने. कार्ड कशाने चालेल? नव्या कर्नलने. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ते हेच. हे वेड फार मोठमोठ्या लोकांनाही लागलेलं आहे. डेबियन हे लिनक्सचं सोवळं घराणं. कार्डाच्या आत भरायचं फर्मवेअर कंपनीच्या मालकीचं, म्हणून त्यांनी ते वर्षानुवर्षं मुख्य स्थापना-संचाबाहेर ठेवलं; म्हणजे पुन्हा नेटसाठी फर्मवेअर आणि फर्मवेअरसाठी नेट. शेवटी २०२२ मध्ये चक्क मतदान घेतलं, आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत फर्मवेअरला ओसरीवर जागा मिळाली.

भाच्याने हार मानली नाही. तो बारामतीला जाऊन ड्रायव्हरचा कच्चा माल पेनड्राइव्हवर घेऊन आला. तो माल शिजवायला लागणारी भांडी यंत्रात नव्हती; ती इंटरनेटवर होती. दुसऱ्या खेपेला भांडी आली, ड्रायव्हर शिजला. मग कर्नल म्हणाला, यावर सही नाही. ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरी सही-शिक्क्याशिवाय बाहेरचा ड्रायव्हर आत घेत नाही. तहसील कचेरीत उमेदवारी केलेला कोणीतरी हे लिहून गेला असावा, असं गुरुजींचं मत पडलं.

वास्तविक ड्रायव्हरच्या क्षेत्रातला बराचसा कारभार परोपकारी माणसांनी चालवला. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ मध्ये सोळा साध्या संगणकांची मोट बांधून ‘बेओवुल्फ’ नावाचा जुगाडू महासंगणक उभा राहिला. तो उभारणाऱ्यांपैकी डोनाल्ड बेकर यांनी लिनक्ससाठी एकामागून एक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहून टाकले. रिअलटेकची ८१३९ ही चिप तर इतकी काटकसरी की आलेला प्रत्येक डाक-तुकडा प्रोसेसरनेच हाताने उचलून ठेवायचा. फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या प्रणालीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी ‘हलका माल’ या शब्दाची व्याख्याच या चिपने बदलली, अशा अर्थाचा शेरा थेट ड्रायव्हरमध्येच मारून ठेवला आहे. शेरा मारला, पण काम पुरं केलं. आपल्याकडे शेऱ्यावर फाइल थांबते.

ब्रॉडकॉमची वेगळीच तऱ्हा. माहितीच देईना, म्हणून स्वयंसेवकांनी चालू ड्रायव्हर उलटा उसवून नवा विणला; कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये. त्याआधी काहीजण विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये जुंपत असत. म्हणजे शेजारच्या कारखान्याचा चिटबॉय आणून आपल्या कारखान्यात नोंद.

रिअलटेकच्या ८१३९, ८१६९, ८१६८, ८१११, ८७२३, ८८२१ या आकड्यांच्या जंजाळातून जाताना बारामतीकराला आपले कवी मोरोपंत आठवावेत. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं मानतात, आणि प्रत्येकाचा नियम निराळा. एकात तर ओठ मिटून उच्चारायचं अक्षरच नाही. कथा तीच, बंधन दरवेळी नवं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचंही तेच, फक्त त्यांना नियम कुणी सांगत नाही.

शेवटी तिसऱ्या दिवशी गुरुजींनीच विचारलं, “माझ्या मोबाइलला नेट आहे, ते वायरीने देता येत नाही का रे?” भाचा गप्प. मोबाइल चार्जिंगच्या वायरीने जोडला, ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं, आणि लॅपटॉपने काहीही न विचारता नेट घेतलं. घेणारच, अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल, भावकीतच व्यवहार.

नवा कर्नल उतरला, यंत्र पुन्हा सुरू झालं. तरीही पंखा नाही. लॅपटॉपच्या कडेला वायफायचं बारीकसं बटण होतं, तीन दिवस बंद. ते सरकवल्यावर पंखा उगवला. मामा-भाच्यांनी एकमेकांकडे न बघता चहा घेतला.

मग वायफायची यादी उघडली. तेवढ्यात लाइट गेली आणि राउटर बंद पडला. कार्ड आता उत्तम चालत होतं. आजूबाजूला एकही नेटवर्क नाही, असं ते दर दहा सेकंदांनी इमानेइतबारे कळवत होतं.