गढपतीला डावातून कुणी काढलं?

पत्त्यातला वीर म्हातारा होत नाही. त्याचे गुडघे दुखत नाहीत, नजर अधू होत नाही. तरीही तो निवृत्त होतो. म्हणजे त्याला कुणीतरी घरी बसवतं.

कोण बसवतं? या आठवड्याचा प्रश्न एवढाच.

बोरी बुद्रुकसारख्या गावातल्या पोरांच्या दप्तरातही आता जादूगार, राक्षस आणि आग ओकणारे प्राणी सापडतात. किराणा दुकानात टांगलेलं पाकीट, आत चकचकीत पानं. शाळा सुटली की ओट्यावर अदलाबदल. कुणाचं पान भारी आणि कुणाचं ‘आता चालत नाही’, यावर हमरीतुमरी. चालत नाही म्हणजे? फाटलं? भिजलं? नाही. नवा संच आला.

हा रिवाज अमेरिकेतून आला. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ 1993 साली निघाला आणि दोनच वर्षांत स्पर्धांचा एक प्रकार असा ठरला, की त्यात फक्त नवे संच चालतील. जुने बाद. पैसे खेळणाऱ्याचे, पान खेळणाऱ्याचं, निवृत्तीचं वय मात्र कंपनी ठरवणार.

याच कंपनीने 2020 साली वंशद्वेषी म्हणून सात पानं कायमची बाद केली. ते चांगलं केलं. काही पानं जायलाच हवीत. पण रोजची निवृत्ती अशा विवेकातून होत नाही, ती विक्रीच्या हिशेबातून होते.

एकट्या कंपनीलाच का धरा? आपल्याकडे हे काम बादशहाने करून ठेवलं आहे.

खेळ गंजिफा. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. बाबराने 1527 साली ते सिंधला शाह हसनकडे पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. नातू अकबर याच खेळाचा शौकीन. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त आधी जुना डाव सांगितला आहे: 12 रंग, रंगाची 12 पानं, एकूण 144. प्रत्येक रंगाचा एक स्वामी. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, दलपती, नौपती. मग सिंहासनावरची राणी आणि तिच्या दासी, देवांचा राजा, जिन्नांचा राजा, रानातल्या श्वापदांचा राजा आणि शेवटी सर्पांचा.

एवढी फौज आजच्या कुठल्या पाकिटात आहे?

मग बादशहाने सुधारणा केल्या. नव्या यादीत धन, चांदी, तलवार, मुकुट, वीणा, माल, गुलाम आणि दफ्तर. सिंह गेला. नाग गेला. जिन्न गेले, राणीही गेली.

खाती आली.

दफ्तराचा रंग जवळून पाहण्यासारखा आहे. राजा फर्मानं तपासतो आहे, वजिरापुढे दफ्तर उघडलेलं आहे. खालच्या पानांवर कागद करणारा, रेघा आखणारा, नोंदी करणारा कारकून, वेलबुट्टी काढणारा, फर्मान लिहिणारा, पुस्तक बांधणारा. धनाच्या रंगात धातू वितळवणारा, तोलणारा, नाणं पाडणारा. राजेरजवाड्यांच्या खेळात कष्टकऱ्याचे हात पानावर आले, ही त्या बदलातली खरोखर मोठी गोष्ट. जिन्नापेक्षा मला तो बांधणीवाला जास्त आवडतो.

पण या सगळ्यांत शेतकरी कुठे आहे?

शिंपी आहे, शस्त्रं घडवणारा आहे, गाणारा-वाजवणारा आहे. मालाच्या रंगात ओझ्याची जनावरंसुद्धा आहेत. ज्याच्या साऱ्यावर तो खजिना भरत होता, त्याला मात्र एकही पान नाही. कांदा-टोमॅटोच्या जुन्नर तालुक्यात हे वाचताना चीड आली तर ती रास्त आहे.

आणि गढपती? तो नव्या यादीत नाही. नौपतीही नाही. किल्ल्यांचा राजा आणि जहाजांचा राजा, दोघेही डावाबाहेर. बादशाही संपन्न होती, तिला हे दोघे पानावर नसले तरी चालणार होतं.

चाललं का?

1630 साली आमच्याच तालुक्यातल्या शिवनेरीवर एक मूल जन्मलं. पुढे त्याने गड घेतले, गड बांधले, 1664 साली मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि आरमार उभं केलं. डावातून काढलेले दोन्ही स्वामी एकाच माणसात परत आले. अकबराचा पणतू औरंगजेब त्याच गडांपायी दक्षिणेत अडकला आणि 1707 साली नगरजवळ मेला.

पान काढलं म्हणून बळ जात नाही. पत्ते पिसणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

मराठी मुलखात जास्त जीव लागला तो दशावतारी गंजिफात. 10 रंग, 120 पानं. मत्स्य, कूर्म, वराह असं करत कल्कीपर्यंत. इथे नववा रंग पाहा. कुठे बुद्ध, कुठे जगन्नाथ, कुठे नांगर घेतलेला बलराम. ही जागा हलती. आणि बुद्धाला विष्णूच्या रांगेत बसवताना कुणी त्याच्या अनुयायांना विचारलंच नव्हतं.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी विचारलं. उत्तर बावीस प्रतिज्ञांमध्ये आहे: बुद्ध हा विष्णूचा अवतार, हे मी मानत नाही. राजाने काढलं नाही, कंपनीने काढलं नाही. ज्यांचा तो होता, त्यांनीच त्याला त्या रांगेतून उठवून घेतलं. निवृत्तीचा एवढा स्वाभिमानी प्रकार दुसरा दाखवा.

जुन्नरकरांना तरी हे नव्याने समजावू नये. मानमोडी, तुळजा, लेण्याद्री, डोंगरामागून डोंगर बौद्ध लेण्यांनी कोरलेले आहेत. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यातल्या विहारात आज गिरिजात्मज आहे आणि अष्टविनायकाच्या यात्रेकरूंची रांग तिथे लागते. भक्तिभावाने जा. फक्त ते दालन मुळात कुणी कोरलं आणि कुणासाठी, हे सोबतच्या पोरांना सांगत जा.

पोरांना अचाट पात्रंच हवी असतील, तर बोरीत त्यांची वानवा नाही. कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. अभ्यासकांनी तो थेट इंडोनेशियातल्या टोबाशी जोडला; नेमका काळ कोणता, यावर त्यांचे वाद झडले. त्याच काठावर दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. समुद्रापलीकडून आलेली राख, कुकडीचं पाणी आणि दगडाला धार काढणारा माणूस. कुठल्या कंपनीच्या चित्रकाराला हे सुचलं असतं? पण त्या कुऱ्हाडवाल्याचं पान अजून कुणी छापलेलं नाही.

का नाही? कारण आपण वारसा भिंतीवर टांगतो, डावात मांडत नाही.

गंजिफा रंगवणाऱ्या सावंतवाडीचंच घ्या. युरोपीय छापाचे 52 पत्ते स्वस्तात मिळायला लागले आणि गंजिफा मागे पडला. आज गावोगावच्या पारावर रमी आणि मेंढीकोट रंगतात, त्यात गंजिफाचं नाव नाही. हाताने रंगवलेला डाव छापील डावापुढे किमतीत टिकणार कसा? सत्तरच्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही विझत चाललेली कला राजवाड्यात आसरा देऊन जगवली. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली चकती, तिच्यावर रंग, नखाएवढ्या जागेत मासा किंवा कासव, वर लाखेचा लेप. हे काम करणाऱ्या हातांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

मात्र विकत घेणारे काय करतात? चौकटीत बसवतात. लग्नात भेट देतात. पाहुण्यांना दाखवतात. खेळता येतं का विचारलं, की विषय बदलतात.

चितारी वाचला, खेळाडू निवृत्त झाला. मग वाचलं किती?

रंगवलेला डाव महाग असणारच, तो तसाच असू द्या. पण त्याच चित्रांचा छापील, स्वस्त डाव का निघत नाही? चितारींना त्यांचा वाटा देऊन का काढू नये? सुट्टीच्या शिबिरात पोरांना पाककृतीपासून किल्ले बांधण्यापर्यंत सगळं शिकवतात, त्यात एक दुपार गंजिफाला का नाही?

आणि नियम अवघड आहेत ही सबब नको. राक्षसांच्या पानांवरची बारीक अक्षरं सहावीतली पोरं तोंडपाठ म्हणतात. त्यापुढे हे काय? तीन जण, 120 पानं, प्रत्येकी 40. रंगात राजा थोर, त्याखाली वजीर. हुकूम नाही. अर्ध्या रंगांत वजिराखाली दश्शी मोठी, अर्ध्यांत एक्का. दिवसा खेळलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा ज्याच्याकडे त्याची. हे एवढं पेटीच्या झाकणावर छापायला शाई लागते किती?